तलावावरच्या शर्यतीला इल्का ६ की ७?

इल्का म्हणजे एकट्याने हाकायची छोटी शिडाची होडी. ६ घ्यावी की ७, हा घोळ ६५ ते ७५ किलो वजनाच्यांचा. होडी एकच, ५९ किलोची; बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा. ६ चं शीड ५.७६ चौरस मीटर, ७ चं ७.०६. म्हणजे खर्चात फार फरक नाही.

खरा प्रश्न वाऱ्याचा. हैदराबादच्या हुसेन सागरसारख्या तलावावर काठच्या इमारतींआडून झोत अचानक येतो. हलका माणूस ७ वर कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर) कचकचून ओढून शीड चपटं करतो, तरी होडी कलतेच. ती सावरायला काठाबाहेर झुकून झुकून रविवारी मांड्या भरून येतात. मंद वाऱ्यात ७ जास्त पळते खरी, पण दोन्हींचे ताफे वेगळे सुटतात, तेव्हा त्या वेगाला भुलू नका.

जाइब करताना (वारा पाठीशी असताना शीड एका बाजूने दुसरीकडे नेताना) दोन्हींवर शीट, म्हणजे शीड आवरायचा दोर, होडीच्या मागच्या कोपऱ्यात अडकतो; बूम (शिडाखालची आडवी काठी) फिरतानाच त्याला झटका द्या.

सत्तरच्या आत ६, पंचाहत्तरच्या वर ७. मधल्यांनी मांड्यांची ताकद बघावी.