अंगणातली तीन नाणी आणि माझी फसवणूक

मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधायचा छंद असलेला एक माणूस ओळखीतल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून माझ्याकडे आला. मागच्या अंगणात फिरू द्याल का, खणलेला प्रत्येक खड्डा बुजवून देईन, सापडेल त्यात निम्मं तुमचं, असं त्याचं बोलणं. मी हो म्हटलं.

अर्ध्या तासात तीन नाणी निघाली. हिरवट, काळपट, झिजलेली. पहिलं हातात घेतलं तेव्हा माझा हात थरथरत होता. तिन्ही नाणी त्याने मलाच दिली, वाटा मागितला नाही. माझा विश्वास बसला तो तिथे.

मग तो कुंपणापाशी थबकला. इथे खोलवर काहीतरी मोठं आहे, पण माझं मशीन तिथवर पोचत नाही, म्हणाला. यातलं अर्धं खरं असतं, म्हणूनच माणूस फसतो. कॉइलमधून निघालेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत विजेचे बारीक प्रवाह उठतात आणि मशीन ते ओळखतं. पण हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतं. नाण्याएवढी वस्तू साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या खाली गेली की नेहमीच्या डिटेक्टरला ती सापडणं कठीण.

त्याने दुसरं यंत्र काढलं. पिस्तुलासारखी मूठ, पुढे सैल फिरणारी अँटेना, बाजूला खाच. तिच्यात ‘सोनं’ लिहिलेलं कार्ड सरकवायचं. शंभर मीटरवरून दिशा दाखवतं म्हणे. अँटेना त्याच कोपऱ्याकडे वळली. माझ्या हातात दिलं, तरी तिकडेच वळली! मी साठवलेले पैसे मोजून ते यंत्र विकत घेतलं. दोन दिवस खणून कमरेएवढा खड्डा केला. गंजके खिळे आणि विटांचे तुकडे निघाले. त्याचा फोन तोवर बंद झाला होता.

मूठ उघडली तर आत काही नव्हतं. अँटेनाची वायर कशालाच जोडलेली नव्हती. मग माझ्या हातात ती वळली कशी? मनात जी दिशा असते तिकडे मनगट नकळत कलतं आणि सैल अँटेनाला तेवढं पुरतं. नंतर मी घरच्यांना दहा पेल्यांपैकी एकाखाली अंगठी लपवायला सांगितली. मला जागा माहीत नव्हती, तेव्हा अँटेनालाही सापडली नाही. विकत घेण्याआधी हे पाच मिनिटांत करता आलं असतं, याची हळहळ अजून जात नाही.

हाच प्रकार एडीई 651 नावाने बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकच्या तपासनाक्यांवर वापरला गेला. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे लोकांचा जीव पणाला लागला होता, माझे फक्त पैसे गेले.

आणि ती नाणी? बरीच वर्षं हा छंद जोपासणाऱ्या एका ताईंना दाखवली. त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं. कडेवरून साच्याची बारीक शिवण फिरत होती, आणि दोन नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा खळगा होता. म्हणजे एकाच साच्यात ओतलेली. हिरवा थरही रसायनाने चढवलेला. “माती कशी होती?” त्यांनी विचारलं. आठवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. माती भुसभुशीत होती, नाणी बोट लावताच सुटून आली होती.

त्यांनी मग माझं अंगण स्वतः पाहिलं. बाटल्यांची झाकणं, एक बिजागरी, आणि संध्याकाळी तांब्याचं एक नाणं, जवळजवळ गुळगुळीत. ते घट्ट ढेकळात रुतलं होतं, गवताचं मूळ त्याला वळसा घालून गेलेलं. ढेकूळ फुटलं तेव्हा आतल्या मातीत नाण्याचा गोल ठसा होता आणि ठशाभोवतीची माती हिरवी पडली होती.