प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम, कँटन : एका लाइनमनच्या आईने पाहिलेलं

अमेरिकन फुटबॉल (बॉल हातात घेऊन धावायचा तो) मला कळत नाही, हे आधीच सांगते. पण मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा लाइनमन) झाल्यापासून दर शुक्रवारी रात्री ब्लँकेट गुंडाळून स्टँडमध्ये बसते. बॉल कुठे आहे ते शोधायचं मी केव्हाच सोडलंय, ढिगाऱ्याच्या तळाशी दिसणारे बूट तेवढे ओळखते. घरी येतो तेव्हा दंडावर निळे डाग. "आज दोघांना अडकवून ठेवलं, आई." मग आमचे हे विचारणार, "टॅकल किती झाले तुझे?" म्हणजे बॉलवाल्याला किती वेळा पाडलंस. तर शून्य. समोरचे दोघं मिळून त्याला ढकलतात, तो जागचा हलत नाही, त्यामुळे मागच्या रांगेतला बचावपटू, म्हणजे लाइनबॅकर, मोकळा सुटतो आणि टॅकल त्याच्या नावावर जमा होतो. हा हिशेब मला पटायला एक अख्खा सीझन गेला.

सीझन संपल्यावर त्याची एकच मागणी होती, ओहायोतलं कँटन, म्हणजे थोर खेळाडूंचा गौरव करणारा तिथला हॉल ऑफ फेम. क्लीव्हलंडहून दक्षिणेला साधारण तासाभराची ड्राइव्ह. फुटबॉलच्या आकाराचं छत हायवेवरूनच दिसतं, त्यामुळे रस्ता चुकायचं भय नाही. एवढ्याशा गावात हे कशाला, तर आजच्या एनएफएलची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, स्थापना 1920 मध्ये इथल्याच एका मोटारींच्या शोरूममध्ये झाली. हॉल उघडला 1963 मध्ये. जुनी हेल्मेटं, चामड्याच्या टोप्या वगैरे मी चालता चालता पाहिलं. ज्यांना आवडतं त्यांना तिथे तास लागेल.

खरी जागा म्हणजे अर्धपुतळ्यांची खोली. अंधारं दालन, साडेतीनशेहून जास्त ब्राँझची डोकी, प्रत्येकावर आपापला उजेड. माणसं तिथे आपोआप हळू बोलतात. खांद्याच्या खालचं काहीच नाही, त्यामुळे कोण धावणारा आणि कोण धक्के खाणारा हे कळायला मार्ग नाही. मला ते फार आवडलं. इथे आमच्या पोराच्या जातीची माणसं क्वार्टरबॅकांच्या (हल्ला चालवणारे, पास फेकणारे) शेजारी, त्याच उंचीवर बसलीत.

डीकन जोन्स या बचावपटूपाशी प्रात्यक्षिक झालं. क्वार्टरबॅकने पास फेकण्याआधीच त्याला आडवा करण्याला 'सॅक' हा शब्द रूढ केला तो यानेच. समोरच्याच्या हेल्मेटवर कानाखाली लगावून पुढे घुसायची त्याची पद्धत लीगला पुढे नियम करून बंद करावी लागली. चिरंजीवांनी ती बाबांवर करून दाखवली. सुरक्षारक्षक नुसता हसला.

पण मी थांबले ती अ‍ॅलन पेजपाशी. हा माणूस कँटनचाच. शाळेत असताना उन्हाळी कामाला लागला, तेव्हा याच इमारतीचं बांधकाम चालू होतं आणि तो त्या मजुरांत होता. 1988 मध्ये त्याचं डोकं त्याच इमारतीत आलं! मिनेसोटा वायकिंग्जचा डिफेन्सिव्ह टॅकल. 1971 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावातल्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता, आणि नंतरही एकदाच, 1986 मध्ये लॉरेन्स टेलरला. वायकिंग्जबरोबर चार सुपर बोल (लीगची अंतिम मॅच) खेळला आणि चारही हरला. खेळत असतानाच लॉ स्कूल पूर्ण केलं, लांब पल्ल्याचं धावायला लागला, आणि पुढे 1993 पासून 2015 पर्यंत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. या हॉलमध्ये प्रवेश मिळताना आपली ओळख करून द्यायला बहुतेक जण जुना कोच आणतात. याने एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला आणलं आणि भाषणही शिक्षणावर केलं. (हे मी घरी दोनदा ऐकवलंय. दुसऱ्यांदा डोळे फिरवून झाले.)

आता गंमत बघा. एनएफएल सॅक अधिकृतपणे मोजायला लागली 1982 पासून, आणि पेज निवृत्त झाला 1981 मध्ये. म्हणजे अधिकृत खात्यावर या माणसाचा एकही सॅक नाही! जुन्या नोंदी चाळून अभ्यासकांनी नंतर आकडा काढला, 148.5. यातला अर्धा म्हणजे दोघांनी मिळून एकाला पाडलं तर प्रत्येकी अर्धा. आमचे हे तिथे गप्प उभे होते.

सुपर बोलच्या अंगठ्यांच्या दालनात मुलाने व्याख्यान दिलं ते रॅम्सच्या डिफेन्सिव्ह टॅकलवर, आरन डोनाल्डवर. फेब्रुवारी 2022 चा सुपर बोल, रॅम्स 23, बेंगल्स 20, शेवटचं मिनिट, बेंगल्सचा चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि एकच यार्ड हवा. डोनाल्डने त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याला धरून गरगरा फिरवला, बॉल कसाबसा हातातून सुटला आणि जमिनीवर पडला. मॅच तिथेच संपल्यात जमा. कारकिर्दीतला त्याचा सगळ्यांत मोठा क्षण, पण पास अपूर्ण म्हणून तो सॅकमध्ये धरला गेला नाही. "बघ बाबा," एवढंच म्हणाला. डोनाल्डची उंची सहा फूट एक इंच, वजन 280 पौंड. या कामासाठी बुटका म्हणायचे त्याला. आमचाही बुटकाच आहे, म्हणून ही भक्ती.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तीन तास हाताशी ठेवा, त्यातला एक अर्धपुतळ्यांना. ऑगस्टच्या सुरुवातीला नव्या मंडळींचा प्रवेश-सोहळा असतो, गर्दी सोसत असेल तरच तेव्हा जा. चपटे बूट घाला. मी टाचांचे घातले होते, चूक माझीच. दुकानात शिरण्याआधी पोराशी आकडा ठरवून घ्या.

खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. डोनाल्ड मार्च 2024 मध्ये थांबला, म्हणजे 2029 मध्ये त्याचा नंबर लागू शकतो. तेव्हा परत यायचं आणि तिकिटं पोराने स्वतःच्या पैशाने काढायची, असं येताना गाडीतच ठरलंय.