दारिद्र्य मोजायला शिकताना: आधी उपभोग खर्च की बहुआयामी निर्देशांक?

अर्थशास्त्रात एम. ए. करणारी किंवा पीएच.डी.चा विषय शोधणारी संभाजीनगर-नांदेडकडची मुलं हे विचारतात. दारिद्र्य आणि विषमता मोजायला शिकायचं, तर आधी हात कशात घालावा, घरांच्या उपभोग खर्चाच्या आकड्यांत की बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात? दोन्ही वाटांवर मी काम केलं आहे. गिनी (विषमतेचा 0 ते 1 मधला आकडा, जितका मोठा तितकी विषमता जास्त), लॉरेन्झ वक्र (तीच विषमता दाखवणारी रेघ) ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून लिहितो.

बहुआयामी निर्देशांक लवकर हाताशी येतो, हे मान्यच करायला हवं. नीती आयोगाच्या रचनेत आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान मिळून 12 निर्देशक आहेत. कुटुंबाची भारित वंचितता, म्हणजे प्रत्येक निर्देशकाला ठरलेलं वजन देऊन केलेली उणिवांची बेरीज, एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरली की ते गरीब. माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आणि नमुना मोठा, त्यामुळे मराठवाड्याचे आठही जिल्हे वेगवेगळे पाहता येतात. उपभोग खर्चाच्या सर्वेक्षणात हे आठ जिल्हे मिळून एकच प्रदेश होतो, ‘इनलँड सेंट्रल’. एकट्या हिंगोलीबद्दल खात्रीने बोलावं इतकी कुटुंबं त्यात सहसा नसतात. प्रबंध जिल्हा नियोजनावर असेल तर निर्देशांकच घ्या, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मला मात्र एक गोष्ट सतत टोचत राहिली. निर्देशांक प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही एवढंच घेतो. घरात कुणाचं तरी बँकेत खातं आहे? हो. वीज आहे? आहे. दहा वर्षांवरच्या एकाची तरी सहा इयत्ता शाळा झाली आहे? झाली आहे. आता पाऊस गेला, सोयाबीन हातचं गेलं, बैल बाजारात विकले, मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला कारखान्यावर गेला. खातं आहे तसंच आहे, मीटरही आहे तसाच. बीडकडच्या गावांत प्रश्नावली भरून घेताना हे वारंवार दिसलं: आदल्या वर्षापेक्षा घर उघड उघड खचलेलं, आणि राहणीमानाच्या रकान्यांत फरक शून्य. ज्या प्रदेशात गरिबी पावसाबरोबर चढते-उतरते, तिथे शिकणाऱ्याला पहिलं माप असं मिळावं, हे मला पटलं नाही.

खर्चाच्या बाजूला तेल, डाळ, भाजी कमी झालेली आकड्यांत दिसते. दारिद्र्यरेषेखाली किती जण आहेत, ते किती खोल आहेत आणि सर्वांत खालच्यांची अवस्था काय, ही फॉस्टर-ग्रीर-थोरबेक यांची 1984 ची तिन्ही मापं एकाच रकान्यातून निघतात. रेषा कुठे ओढायची हा वाद किती खरा आहे, तेही इथेच कळतं. 2011-12 साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने माणशी महिना ग्रामीण भागात 816 आणि शहरात 1000 रुपये धरले तर देशात 21.9 टक्के लोक गरीब निघतात. रंगराजन समितीचे 972 आणि 1407 धरले की 29.5 टक्के. ही बेरीज स्वतः करून पाहिलेला विद्यार्थी वर्तमानपत्रातला आकडा पुन्हा भाबडेपणाने वाचत नाही.

या मापाचेही दोष आहेत. दवाखान्याचं बिल किंवा विकतच्या पाण्याचा टँकर खर्चात धरला जातो आणि अडचणीतलं घर सुस्थितीत दिसतं. आरोग्य खर्च वेगळा काढून एकदा मोजाच. शिवाय हा खर्च आहे, उत्पन्न नव्हे. 2023-24 च्या सर्वेक्षणात ग्रामीण गिनी 0.237 आणि शहरी 0.284 आहे, पण त्यावरून उत्पन्नाची विषमता इतकीच आहे असं म्हणू नये. वरच्या थरातली माणसं बचत करतात आणि सर्वेक्षणाला सहज सापडतही नाहीत. तरी विषमता शिकायची तर रुपयांतलाच रकाना लागतो. निर्देशांकाच्या हो-नाहीतून नेहमीचा गिनी निघत नाही.

खर्चाची वाट किचकट आहे, हे खरं. 2022-23 पासून प्रश्नावलीचे तीन भाग तीन वेगळ्या भेटींत भरले जातात. ते जोडायचे, सात, तीस आणि 365 दिवसांचे आकडे महिन्यावर आणायचे, मग कुटुंबातल्या माणसांनी भागायचं. मल्टिप्लायर, म्हणजे नमुन्यातलं एक कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने बोलतं तो आकडा, लावल्याशिवाय एकही टक्केवारी लिहू नका. आकडेवारी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळते आणि ‘आर’ ही आकडेमोडीची संगणक प्रणालीही फुकट आहे, तेव्हा घरी बसून होतं. माझ्या मते आधी हे करावं, जिल्ह्यांची गरज पडली की निर्देशांकाकडे जावं. पहिल्याच आठवड्यात सगळा देश घेऊ नका, इनलँड सेंट्रलची ग्रामीण कुटुंबं तेवढी वेगळी काढा.