मंदिराचं रेखाटन शिकायचंय: आधी पेन्सिल की कॅड?

अंबरनाथचं शिवमंदिर (इ. स. 1060) समोर ठेवून बघू. बाहेरच्या भिंती एका रेषेत नाहीतच, कोपऱ्यामागून कोपरे फुटत जातात. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक कोपरा काढला, त्याची आरशातल्यासारखी उलटी प्रत केली, की चारही बाजू तयार. झटपट, नीटनेटकं, आणि बऱ्याचदा खोटं. हजार वर्षांचा दगड कुठेतरी खचलेला, झिजलेला असतोच, आणि काटकोनाचं बटण चालू असलं की ते सगळं गुपचूप सरळ होऊन जातं.

हाताने काढताना तशी सोय नाही. टेपचं शून्य एकाच जागी धरून सलग मापं घ्यायची, कर्ण मोजायचे, ओळंबा सोडायचा. दोन कर्ण जुळले नाहीत की खोली तिरकी आहे हे तिथेच कळतं. जोत्याचे थर 1:5 प्रमाणात (खऱ्या मापाच्या पाचव्या हिश्श्याएवढे) काढायला बसलात तर अख्खी सकाळ जाते, पण कणी, म्हणजे धारदार कडेचा थर, कुठे वळते ते डोळ्यांत बसतं.

कॅडला नावं ठेवत नाही; दुरुस्ती, प्रती, मोठे नकाशे यांत त्याला तोड नाही, आणि नोकरीत तेच मागतात. शिखरासाठी तर फोटोंवरून मापं काढणंच बरं, उगाच वर चढू नये. तरी पहिलं मंदिर कागदावरच उतरवा. कॅड नंतर महिन्याभरात येतं.