निवृत्तीचे पैसे: ओळखीचा एजंट की फी घेणारा सल्लागार?

ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम खात्यात जमा झाली की सल्ल्याला तोटा राहत नाही. बँकेच्या शाखेतून फोन येतो, विमा एजंट सहज म्हणून चहाला येतात, मेहुणा त्याच्या मित्राचा नंबर पाठवतो. आयुष्यभर महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माणसाला एवढी मोठी रक्कम एकगठ्ठा पहिल्यांदाच दिसते, आणि तेव्हा ती पुन्हा कमावण्याचं वय उरलेलं नसतं. म्हणून पैसे कुठे ठेवायचे याच्या आधी कुणाचं ऐकायचं, हे ठरवायला हवं.

बाबा साठाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा आमच्यापुढे दोन पर्याय होते. एक, घरोब्याचे काका. विमा आणि म्युच्युअल फंड दोन्ही करतात, आईबाबांच्या जुन्या पॉलिसी त्यांच्याकडूनच घेतलेल्या. दुसरा, सेबीकडे, म्हणजे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाकडे, नोंदणी असलेला आणि फक्त फी घेऊन सल्ला देणारा सल्लागार, ज्याला आम्ही आधी कधी भेटलोही नव्हतो. दोघांशी सविस्तर बोलणं झालं, दोघांचे कागद पाहिले. एसआयपी, एन्डोमेंट, टर्म इन्शुरन्स म्हणजे काय ते इथे सांगत बसत नाही. या वळणावर असलेल्या घरात ते शब्द एव्हाना रोजचे झालेले असतात.

आधी काकांची बाजू, कारण ती कमकुवत नाही. फोन केला की ते उचलतात. पॅनवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर स्वतः फॉर्म भरून देतात. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा मेडिक्लेमची फाइल घेऊन ते दवाखान्याच्या टीपीए काउंटरवर, म्हणजे विम्याचे दावे हाताळतात तिथे, आमच्या आधी उभे होते, आणि कुठला रिपोर्ट राहिला म्हणून दावा अडकेल हे त्यांना तोंडपाठ होतं. हे काम कुठलंही ॲप करत नाही. शिवाय त्यांना घर माहीत आहे. बाबा शेअर बाजाराचं नाव काढलं की अस्वस्थ होतात, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

सल्लागाराकडे यातलं काही नाही. पहिली भेट व्हिडिओ कॉलवर. त्याआधी भलीमोठी प्रश्नावली: उत्पन्न, महिन्याचा खर्च, सगळ्या पॉलिसींचे नंबर, कर्ज, वारसनोंदी, मृत्युपत्र आहे का. आईला हे परक्या माणसाने घरात डोकावण्यासारखं वाटलं आणि तिचं वाटणं मला चुकीचं वाटत नाही. मग लेखी करार, जोखीम किती सोसवते याची चाचणी, आणि मग फी. ती भरताना हात आखडतो हे खरंच आहे. काका फुकट सांगत असताना बोलण्याचे एवढे पैसे कशाला, हा प्रश्न बाबांनी विचारलाच.

उत्तर काकांच्याच कागदात होतं. म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन फंडाच्या खर्चातून दरवर्षी जातं. ऑगस्ट २००९ पर्यंत तर पैसे भरतानाच २.२५ टक्क्यांपर्यंत एन्ट्री लोड कापला जाई. सेबीने तो बंद केला आणि १ जानेवारी २०१३ पासून कमिशन नसलेला डायरेक्ट प्लॅन प्रत्येक फंडाला द्यायला लावला. इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसे लावणाऱ्या, फंडांत या दोन प्लॅनमधला फरक बरेचदा अर्धा ते एक टक्का असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. दहा लाख रुपये वीस वर्षं ११ टक्क्यांनी वाढले असं धरलं तर साधारण ८० लाख होतात, १० टक्क्यांनी वाढले तर ६७ लाख. हा फक्त हिशेब आहे, परताव्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. पण फुकट सल्ल्याची किंमत कुठे दडलेली असते ते त्यातून दिसतं. म्युच्युअल फंडांचं एकत्रित खाते-विवरणपत्र येतं ना, त्याच्या सहामाही प्रतीत २०१६ पासून वितरकाला गेलेलं कमिशन चक्क रुपयांत छापलेलं असतं. बहुतेक घरांत ते पान कुणी उघडत नाही. बाबांना मी तो रकाना दाखवला आणि ते बराच वेळ बघत राहिले.

विम्याचं गणित आणखी ठळक. लांब मुदतीच्या पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षाच्या हप्त्यातले ३५ टक्क्यांपर्यंत एजंटला देता येत. २०२३ मध्ये विमा नियामकाने अशा वेगवेगळ्या मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा घातली, पण पहिल्या हप्त्याचं आकर्षण त्याने संपलं असं मला दिसत नाही. एजंटने मेहनतीचे पैसे घेऊ नयेत असं अजिबात नाही. त्याचंही घर आहे. प्रश्न एवढाच की त्याला पैसे कशाचे मिळतात: आपल्याला योग्य वाट दाखवल्याचे, की आपण सही केल्याचे.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो. टक्केवारीचं कोडं एक वेळ बाजूला ठेवता आलं असतं. आमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणून एक फॉर्म निघत होता, याचा मला खरा त्रास झाला. व्याजाचे दर उतरले तर काय, असं विचारलं की गॅरंटीड इन्कमची पॉलिसी. आईच्या नावावर काही ठेवावं का, तर तिच्या नावाने दुसरी पॉलिसी. नातवंडाच्या शिक्षणाचा विषय निघाला, तर मुलांची पॉलिसी. टेबलावर फॉर्म उघडलेले असत आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने आधीच फुल्या मारलेल्या असत. मी एकदा सरळ विचारलं, "काका, सहा महिने काहीच केलं नाही तर?" ते म्हणाले, "अरे, पैसा झोपवून ठेवायचा नसतो." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, कळकळच होती. पण सगळं आहे तसं राहू द्या, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधीच आलं नाही. ज्याला फक्त आपल्या हालचालीचे पैसे मिळतात त्याच्याकडून ते यावं ही अपेक्षाही कदाचित बरोबर नाही.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण ज्येष्ठ नागरिक बचत योजना. साठीनंतरच्या माणसाला सरकारची हमी, दर तिमाहीला व्याज, पाच वर्षांची मुदत. २०२३ च्या अर्थसंकल्पात एका माणसाची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि त्याच एप्रिलपासून दर ८.२ टक्क्यांवर गेला. पोस्टात मिळते, बऱ्याच बँकांतही मिळते. बाजाराचं नाव काढलं की अस्वस्थ होणाऱ्या निवृत्त माणसाला यापेक्षा सरळ गोष्ट कुठली? तरीही काकांच्या कुठल्याच आराखड्यात ती नव्हती आणि बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरनेही तिचं नाव घेतलं नाही. या योजनेवरचं एजंटांचं कमिशन सरकारने १ डिसेंबर २०११ पासून बंद केलेलं आहे, पीपीएफचंही तेव्हाच. मी हेतूंवर शंका घेत नाही. जी वस्तू विकून काही मिळत नाही ती विकणाऱ्याच्या पिशवीत नसते, एवढंच.

सल्लागाराने पहिल्याच बैठकीत ती योजना सांगितली. नंतर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना सांगितली. तीत एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. उरलेल्या रकमेसाठी तो म्हणाला, "एफडीत राहू द्या, आठ-दहा महिने घरखर्च लिहा, मग बोलू." त्याच्या लेखी अहवालातला मोठा भाग काय करू नये याचाच होता. आणि मला भावलं ते हे की काकांनी दिलेलं सगळंच त्याने मोडायला सांगितलं नाही. बाबांची एक जुनी एन्डोमेंट पॉलिसी मुदतीजवळ आली होती. ती मोडण्यात तोटा आहे, हप्ते भरून पूर्ण करा, असं त्याने आकडे मांडून दाखवलं. दुसऱ्याचं काम खोडून आपलं दुकान मांडणारे खूप भेटतात. त्याला दोन्हीकडून तेवढीच फी मिळणार होती, म्हणून तो निवांतपणे खरं सांगू शकला.

सल्लागाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. असे सल्लागार मुळात फार थोडे आहेत. म्युच्युअल फंडांचे वितरक देशात लाखाच्या वर, आणि सेबीच्या यादीतले सल्लागार हजाराच्या आगेमागे. तेही मुंबई, पुणे, बंगळुरू असे गोळा झालेले. नांदेडला किंवा चिपळूणला राहणाऱ्याला समोरासमोर बसून बोलायला मिळेलच असं नाही. रक्कम लहान असेल तर फी जड जाते. दोन-चार लाखांसाठी मी कुणाला हा खर्च करायला सांगणार नाही, तिथे पोस्ट आणि बँकेची एफडी पुरे. आणि सल्लागार सांगून मोकळा होतो, रांगेत आपणच उभं राहायचं. ज्याच्या हातून काम होत नाही, अहवाल कपाटात पडून राहतो, त्याला काकांसारखा पाठपुरावा करणारा माणूसच बरा. कमिशन जाईल, पण निदान काही घडेल तरी. एकटी राहणारी वयस्कर व्यक्ती असेल तर मी हे अधिकच गांभीर्याने धरीन.

बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरचा पर्याय मी मुद्दाम तुलनेत घेतला नाही. काकांमध्ये जे चांगलं आहे ते तिथे नसतं, कारण दोन वर्षांनी माणूस बदलतो, आणि जे खटकतं ते सगळं असतं. एफडी नूतनीकरणाला गेलात आणि हातात पॉलिसी घेऊन आलात, असं झालं असेल तर कागद लगेच काढून पाहा: २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते आणि थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.

फी घेतो म्हणून सल्लागार चांगलाच, असंही नाही. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासायचा. सल्लागाराचा आयएनएने सुरू होतो, वितरकाचा एआरएनने. सल्लागारांसाठीच्या सेबीच्या २०१३ च्या नियमांत २०२० साली झालेल्या बदलानंतर एकाच घराला सल्ला देऊन फी आणि तिथेच विक्री करून कमिशन, असं दोन्ही घेता येत नाही. तरी भेटीत विचारायचं, "माझ्या निर्णयातून फीशिवाय तुम्हाला आणखी कुठून काही मिळतं का?" उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो तेही पाहायचं. परताव्याचं आश्वासन देणारा, टेलिग्रामवर शेअरच्या टिपा पाठवणारा, करार न करता पैसे मागणारा असेल तर तिथूनच उठायचं. आणि मी आणखी एक प्रश्न विचारतो, जो मला सगळ्यांत उपयोगी पडला: "तुम्ही अलीकडे कुणाला काहीच करू नका असं कधी सांगितलंत?" काकांना हाच प्रश्न विचारला असता तर ते अडखळले असते असं वाटतं. सल्लागाराने लगेच दोन घरांची गोष्ट सांगितली, नावं न घेता.

आता आमच्याकडची व्यवस्था अशी आहे. पैशाचे निर्णय सल्लागाराशी बोलून, वर्षातून एकदा, आईला शेजारी बसवून. कारण पुढे कदाचित तिलाच हे सगळं पाहावं लागेल. मेडिक्लेम काकांकडेच. त्याचं कमिशन त्यांना मिळतं आणि ते मिळायलाच हवं, दवाखान्यात उभं राहण्याचं मोल त्याहून जास्त आहे. त्यांना हे मी स्वतः जाऊन सांगितलं. थोडा अबोला झाला, मग निवळला. ज्यांच्या घरात असे काका आहेत त्यांना हा भाग सगळ्यांत अवघड वाटतो, आणि पुष्कळजण फक्त त्या संकोचापायी सही करतात. संकोच वाटत असेल तर "मुलाशी बोलून सांगतो" एवढं म्हणून फॉर्म घरी ठेवून घ्या.

सल्लागार निवडलात तर पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की ठेवा. त्याच्या खात्यात जाते ती फक्त फी, तीही बँकेमार्फत आणि पावती घेऊन. गुंतवणुकीची रक्कम आपल्या खात्यातून थेट पोस्टात, बँकेत किंवा फंडाकडे जाते. पासवर्ड, ओटीपी आणि कोऱ्या चेकवरच्या सह्या कुणालाच द्यायच्या नाहीत, मग तो काका असो वा सल्लागार.