तिखट व्हेज सब की मिसळ?

कॉलेज रोडला नव्यानेच राहायला आलेली भाची विचारते, "मामा, तिखट खायचंय. कोपऱ्यावरचा व्हेज सब घेऊ की मिसळ?"

सबमध्ये, म्हणजे त्या लांब पावाच्या सँडविचमध्ये, तिखट आपल्या हातात: हालापिन्यो मिरची, लाल सॉस, नको तर नको. फक्त सॉस जास्त झाला की खालचा पाव ओला होतो आणि शेवटचे दोन घास कागदावरून खरवडावे लागतात. मिसळीत सगळी मदार रश्श्यावर. काळ्या मसाल्याची झणझण घशाला जरा उशिराच कळते. दही-पापड असतात म्हणून निभावतं.

पैशांत मिसळ बरी, पोटालाही. मटकी आहे ती, नुसती कोबी-काकडी नव्हे. सबमध्ये पनीर घातलं तर बरोबरी होते, पण बिल फुगतं.

लेक्चरला पळायचं असेल तर सब, टोस्ट करून. रविवारी मैत्रिणी जमल्या आणि नंतर झोपायला मोकळ्या असाल तर मिसळच.