सौभद्र की संशयकल्लोळ? आधी पट्ट्या मांडा

हौशी संस्थेत यंदा संगीत नाटक करायचं ठरलं की बैठकीत दोन नावं हटकून निघतात: ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’. वयस्कर मंडळी पहिल्याच्या बाजूची असतात, दिग्दर्शक बहुधा दुसऱ्याच्या. कथानकं सगळ्यांना पाठ आहेत, ती इथे उगाळत नाही. प्रश्न एवढाच की हाताशी असलेल्या माणसांत यातलं कोणतं उभं राहील.

हक्कांचं आधी उरकून घेऊ. ‘सौभद्र’चे लेखक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, ‘संशयकल्लोळ’चे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत केव्हाच उलटली, त्यामुळे दोन्ही संहिता मोकळ्या आहेत. अलीकडच्या कुणी केलेली रंगावृत्ती किंवा नव्याने बांधलेल्या चाली मात्र मोकळ्या असतीलच असं नाही, तिथे विचारून घ्यावं. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ज्या संहितेवर आहे तीच संहिता रंगमंचावर जाते आहे ना, हेही तपासावं. काटछाट वाढत गेली की हे विसरायला होतं.

आता काटछाटीबद्दल. ‘सौभद्र’मध्ये पदं शंभराच्या वर आहेत. १८८२ साली पुण्यात पहिले तीनच अंक झाले आणि उरलेले पुढच्या वर्षी, यावरूनच त्याचा पसारा कळतो. आजच्या तीन-साडेतीन तासांत यातली तीसेक पदं बसतात. सरासरी चार मिनिटं धरली तरी दोन तास गाण्यातच जातात, आणि वन्समोअर त्यात धरलेलेच नाहीत. म्हणजे ‘सौभद्र’ बसवणं म्हणजे आधी ‘सौभद्र’ कापणं. इथे बहुतेक संस्था एकच चूक करतात: साक्या आणि दिंड्या, म्हणजे छोटी वृत्तबद्ध पदं, उडवून मोठी पदं ठेवतात. साकी पाऊण मिनिटात संपते आणि गोष्ट पुढे नेते. मोठं पद पाच मिनिटं घेतं आणि गोष्ट तिथेच ठेवतं. साक्या गेल्या की नाटकाची मैफल होते, आणि मैफलच करायची तर मुकुट कशाला भाड्याने आणायचे?

‘संशयकल्लोळ’चा जन्मच वेगळा. ते आधी १८९३ साली ‘फाल्गुनराव’ म्हणून गद्य रूपात आलं. पदं घालून गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ साली रंगमंचावर आणलं. मूळ सांगाडा फ्रेंच प्रहसनाचा, इंग्रजीतून फिरून आलेला. गाणी नंतर आल्याने पदं काढली तरी नाटक चालतं, ठेवली तरी चालतं. कात्री लावणाऱ्याला ही मोठीच सवलत आहे. गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमी जोडीवर. संशयी नवरा फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका ही कसलेल्या नटांची कामं, तिथे गळ्याची मातबरी नाही.

आता मूळ दुखणं. माझा कौल यावरच फिरला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुखणं आहे पट्टीचं, म्हणजे गाणारा पेटीच्या कोणत्या सुराला आपला षड्ज (सा) धरतो त्याचं.

‘सौभद्र’ लिहिलं गेलं तेव्हा रंगमंचावर सगळे पुरुषच होते. सुभद्रा भाऊराव कोल्हटकर करत. नायक-नायिकेच्या पट्ट्या तेव्हा एकमेकींपासून फार लांब नसाव्यात, कारण एकाचं पद संपतं न संपतं तोच दुसऱ्याचं सुरू होईल अशीच लेखनाची बांधणी आहे. आज सुभद्रा आणि रुक्मिणी बायकाच करतात, आणि ते योग्यच आहे. पण पुरुष गातो काळी एक किंवा काळी दोनला (पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून ही नावं), बाई काळी चार किंवा काळी पाचला. त्यात अर्जुन एका पट्टीचा, कृष्ण दुसऱ्या, नारद तिसऱ्या. पाच गाणारे, पाच षड्ज. नारदाचं ‘राधाधर मधुमिलिंद’ काळी दोनला झालं, लगेच अर्जुनाचं पद पांढरी एकला, पुढे सुभद्रेचं ‘वद जाऊ कुणाला शरण’ काळी पाचला. ऑर्गनवाला मुरलेला असेल तर तो निभावतो, त्याला फक्त बोटं बदलायची असतात. तबला गाणाऱ्याच्या सुरात लावलेला असतो, म्हणून तबलजीला तबलाच बदलावा लागतो.

एक तबला बाजूचे लाकडी गट्टे ठोकून वर-खाली होतो तो साधारण अर्धा स्वर, फार तर एक. त्यापुढे ताणला की पुडी, म्हणजे वरचं कातडं, चटकते. उतरवला तर मधल्या काळ्या शाईचा आवाज बसका होतो आणि किनार बोलत नाही. काळी एकला साडेपाच इंची तबला बरा, काळी चारच्या षड्जाला पावणेसहा ते सहा इंची लागतो. पाच पट्ट्यांच्या ‘सौभद्र’साठी किमान तीन तबले चुंबळींवर मांडून ठेवावे लागतात, चौथा राखीव. प्रवेश चालू असताना हातोडी मारता येत नाही, टकटक सहाव्या रांगेपर्यंत जाते. वातानुकूलित सभागृहात कोरड्या हवेने आणि दिव्यांच्या उष्णतेने पुडी ताणली जाऊन सूर चढतो, पावसाळ्यात दमट हवेने उतरतो. म्हणून तबले तासभर आधी रंगमंचावर आणून, दिवे लावून, मगच लावावेत. आत रंगपटात लावलेले तबले पडदा उघडेपर्यंत सूर सोडून बसलेले असतात.

तानपुऱ्याचं यंत्रही याच फेऱ्यात येतं. पट्ट्या पाच म्हणजे खटके पाच. आधीच्या पात्राचा तानपुरा बंद व्हायच्या आत दुसऱ्याने आलाप धरला की जो बेसूर कल्लोळ होतो तो शेवटच्या रांगेतल्या, संगीतातलं काही न कळणाऱ्या माणसालाही टोचतो. आणखी एक खाचखळगा: जुनी पायपेटी, म्हणजे हाच ऑर्गन, नेमक्या प्रमाण सुराला असेलच असं नाही, थोडी चढी किंवा उतरी असते. यंत्र पेटीला मिळवायचं, पेटी यंत्राला मिळत नाही. हे उलटं करण्याचा प्रयत्न दर वर्षी कुठे ना कुठे होतोच. सरकत्या पट्टीची हार्मोनियम आणली तर निम्मा त्रास वाचेल असं वाटतं, पण भर प्रवेशात दांडा सरकवायला सवड कुठे मिळते? शिवाय हाताने भाता मारायचा म्हणजे वाजवायला एकच हात उरला. ऑर्गनचा भरीव, दोन हातांचा आवाज या नाटकांच्या कानात इतका बसला आहे की त्याच्याशिवाय पद उघडं वाटतं.

यावर उपाय नाही असं नाही. बाई काळी चारला गात असेल तर तिचा शुद्ध मध्यम (म) म्हणजे काळी एक. म्हणजे काळी एकचा पुरुष आणि काळी चारची बाई एकाच तबल्यावर भागतात: त्याला तो षड्जाचा, तिला मध्यमाचा. काळी दोन आणि काळी पाच, पांढरी एक आणि पांढरी पाच, याही अशाच जोड्या. फक्त भूप, देशकार अशा मध्यम नसलेल्या रागातलं किंवा यमनातलं पद बाईच्या वाट्याला असेल तर हा तबला खटकतो. तेवढ्यापुरता तिच्या षड्जाचा तबला शेजारी हवा. ‘प्रिये पहा’ देशकारातलं खरं, पण ते कृष्णाचं पद, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

मग ‘सौभद्र’साठी पाचही गळे या जोडीतले शोधायचे का? तिथेच घोडं अडतं. पट्टी पाहून पात्रं निवडली की अभिनय, उंची, चेहरा सगळं मागे पडतं, आणि बलरामापेक्षा एक वीत बुटका अर्जुन उभा राहतो. काळी दोनवाल्याला काळी एकला उतरवलं तर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आवाज पोकळ होतो. काळी एकवाल्याला काळी दोनला चढवलं तर वरच्या पंचमाला गळा चिरतो. अर्ध्या स्वराची तडजोड चालते, एका स्वराची फारशी नाही.

‘संशयकल्लोळ’मध्ये हा हिशेब दोन माणसांवर येतो. काळी एकचा अश्विनशेठ आणि काळी चारची रेवती शोधायची, तबले दोन ठेवायचे, तिसरा राखीव. पदांच्या मधे गद्याची पानंच्या पानं आहेत, तेवढ्यात तबलजी तानपुरा बदलतो, पाणी पितो. तबला उतरलाच असेल तर फाल्गुनरावाच्या वाक्याला हशा पडला की दोन ठोके मारून घेतो. हातोडीचा आवाज हशात जिरतो. शोकाच्या प्रवेशात ती सोय कुठली?

आता दुसऱ्या पारड्यातलंही टाकायला हवं, नाहीतर अन्याय होईल. ‘सौभद्र’ क्षमाशील नाटक आहे. संवाद विसरला तरी पदावर उडी मारता येते, प्रेक्षकाला पुढचं माहीत असतं आणि तो आनंदाने सोबत येतो. ‘संशयकल्लोळ’ला असली दया नाही. तिथे एकाची शंका दुसऱ्याच्या शंकेवर रचलेली असते. कृत्तिकेने खिडकीतून काय पाहिलं, तसबीर कुणाच्या हातात कधी गेली, यातलं एक वाक्य गळलं की पुढचे तीन हशे गेले. विंगेतून प्रॉम्प्टिंग करून विनोद होत नाही, कारण अर्ध्या सेकंदाचा उशीरही तो मारतो. म्हणून गद्याच्या तालमी आधी. पदांना हात न लावता निदान तीन आठवडे फक्त प्रवेश घोटावेत, तेही पुस्तक खाली ठेवून. पदं त्या काळात गायकांनी वेगळी बसवावीत. दोन्ही तालमी एकदम सुरू केल्या की सगळा वेळ गाणीच खातात आणि फाल्गुनराव कच्चा राहतो. फाल्गुनराव कच्चा तर नाटकच कच्चं. पहिल्या प्रयोगांत ते काम गणपतराव बोडसांनी केलं आणि रेवती बालगंधर्वांनी. त्या गळ्यासमोरही ज्याचं नाव आजवर निघतं, त्या भूमिकेचं वजन वेगळं सांगायला नको.

मंचवस्तूंत एकच गोष्ट जपायची: तसबीर. ती अश्विनशेठ करणाऱ्या नटाचीच हवी, त्याच वेषातली, खिशात मावेल एवढी, आणि दोन प्रती. एक रंगमंचावर, एक मंचव्यवस्थापकाकडे. काच काढून टाकावी, दिव्याचा झोत परावर्तित होऊन पुढच्या रांगांच्या डोळ्यात जातो. नट बदलला की तसबीरही बदलायची, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

नेपथ्य आणि कपडेपट यांत फरक उघड आहे. ‘सौभद्र’ला पडदे, शस्त्रं, मुकुट, दागिने, संन्याशाचा त्रिदंड, आणि पंधरा-वीस माणसांना रंगवायला दोन रंगभूषाकार. मोत्यांचे सर कॉलर माइकवर घासून खरखर करतात, म्हणून सुभद्रा-रुक्मिणीचे माइक केसांत लावावेत किंवा पायदिव्यांच्या ओळीतल्या माइकवरच भागवावं. ‘संशयकल्लोळ’ला पगड्या, अंगरखे, उपरणी, नऊवारी. दोन घरं आणि एक रस्ता. पगडी मात्र डोक्याच्या मापाची हवी. सैल पगडी फाल्गुनरावाच्या प्रत्येक संतापाला डोळ्यांवर येते आणि नको तिथे हशा घेते.

आजच्या प्रेक्षकाला बायकोवर संशय घेणारा म्हातारा खपेल का, असा एक आक्षेप ऐकू येतो. तो अगदीच गैर नाही. पण देवलांनी कृत्तिकेलाही तेवढीच संशयी ठेवली आहे. दिग्दर्शकाने तिची वाक्यं न कापता दोघांना समान वजन दिलं तर खेळ तोललेला राहतो. रेवती नायकिणीची मुलगी आहे, हेही लाजून पुसू नये. अश्विनशेठच्या संशयाला धार तिथूनच येते.

वन्समोअरचं दोन्हीकडे आधीच ठरवून ठेवा. पद संपताच पात्र निघून जाणार असेल तर ते पद परत घेऊ नये, परत बोलावलेला नट प्रवेश मोडतो. ‘संशयकल्लोळ’मधल्या ‘मृगनयना रसिक मोहिनी’ला वन्समोअर येणारच असं धरून चला आणि नाट्यगृहाच्या सत्रात त्यासाठी सात-आठ मिनिटं राखा.

तर, तुमच्याकडे एका जोडीत बसणारे तीन पुरुष आणि दोन बायका खरोखरच असतील, आणि त्यांना उभं राहून बोलताही येत असेल, तर ‘सौभद्र’ अवश्य घ्या, तशी संधी वारंवार येत नाही. नसतील तर आग्रह नाही, पण मी ‘संशयकल्लोळ’च म्हणेन. खात्री करायची असेल तर पात्रनिवड जाहीर करण्याआधी एक संध्याकाळ काढा. ऑर्गनवाल्याला बसवा, प्रत्येक गाणाऱ्याकडून एकच पद तीन पट्ट्यांत गाऊन घ्या, आणि कोणत्या पट्टीला वरचा षड्ज सहज लागतो आणि खालचा पंचमही भरीव राहतो ते नावापुढे लिहा. तबलजीला त्या संध्याकाळी शेजारी बसू द्या. कागदावर दोनच्या वर पट्ट्या दिसायला लागल्या की त्याचा चेहराच काय ते सांगेल.